राहिलेल्या नऊ धावा

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाने एका डावात काढलेल्या सर्वाधिक धावा किती, या प्रश्नाचे उत्तर पाऊणशेहून अधिक वर्षे बदललेले नाही. ते उत्तर आहे ४४३, आणि आकड्यापुढे ‘नाबाद’ हा शब्द आहे. भाऊसाहेब निंबाळकर यांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्याच्या पूना क्लब मैदानावर महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध हा डाव खेळला. गावसकर, तेंडुलकर, कोहली यांच्यापैकी कोणीही त्या आकड्यापर्यंत पोचले नाही. निंबाळकर मात्र भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. क्रिकेटच्या स्तंभांतून ही हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे, आणि ती सांगताना दैवाला बोल लावण्याची रीत आहे. वास्तविक दैवाचा येथे फारसा संबंध नव्हता. तो डाव जेथे थांबला तेथे तो का थांबला, याचे कारण खेळाच्या नियमांत शोधून सापडत नाही. ते त्या खेळाच्या मालकीत सापडते.

सामन्याचा तपशील साधा आहे. रणजी करंडकाचा हा सामना १६ डिसेंबरला सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. त्यानंतर महाराष्ट्राने जी फलंदाजी सुरू केली ती तिसऱ्या दिवसापर्यंत थांबली नाही. निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ धावा करून बाद झाले, निंबाळकर खेळत राहिले. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या असताना तिसऱ्या दिवशीच्या विश्रांतीची वेळ झाली, आणि डॉन ब्रॅडमनने १९३० मध्ये सिडनीला काढलेल्या नाबाद ४५२ धावांची बरोबरी करण्यास निंबाळकरांना नऊ धावा कमी होत्या. आणखी एक केली असती तर तो जागतिक विक्रम ठरला असता.

काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम झाल्याची नोंद पुस्तकांत कायमची राहील, हे त्यांना रुचले नाही. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही मैदान सोडतो, असे त्यांनी यजमानांना कळविले. आणखी थोडा वेळ द्यावा ही विनंती त्यांनी मानली नाही, आणि काठेवाडचा संघ सामानसुमान आवरून निघून गेला. प्रतिपक्षाने सामना सोडला म्हणून महाराष्ट्र विजयी ठरला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या निर्णयामुळे महाराष्ट्र संघाचे काहीही नुकसान झाले नाही. सामना मिळाला, पुढल्या फेरीत प्रवेश मिळाला. काठेवाडचेही नुकसान झाले नाही, कारण तो सामना त्यांनी केव्हाच गमावला होता. स्पर्धेच्या संयोजकांना निकाल मिळाला. नुकसान झाले ते फक्त एका माणसाचे, आणि तेही त्याच्या आठ तासांच्या श्रमाच्या अखेरच्या काही मिनिटांचे. सर्व पक्षांचे हित साधले जात असताना ज्याच्या श्रमातून ते साधले गेले त्याचाच वाटा बुडावा, ही परिस्थिती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुळीच अपरिचित नाही. एरवी ती कारखान्यात किंवा शेतात भेटते. पुण्यात ती क्रिकेटच्या मैदानावर भेटली, एवढेच.

त्या दिवशी ब्रॅडमनचा एक विक्रम मोडलाही होता, याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९३४ मध्ये ओव्हलवर ब्रॅडमन आणि पॉन्सफोर्ड यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५१ धावा जोडल्या होत्या. निंबाळकर-भांडारकरांच्या ४५५ धावांनी तो मागे पडला, आणि पुढे १९७४ पर्यंत दुसऱ्या गड्याचा जागतिक विक्रम या दोन मराठी नावांवर राहिला. भागीदारीच्या विक्रमाचे कौतुक कमी आणि एकट्याच्या विक्रमाचे अधिक, हाही आपल्या क्रीडासंस्कृतीचा एक विशेष आहे. तूर्त तो बाजूला ठेवू.

ठाकोरसाहेबांच्या गादीचा पूर्वेतिहास समाजवादी कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. त्या घटनेआधी दहा वर्षे, १९३८ च्या अखेरीस, राजकोटच्या प्रजेने जबाबदार राज्यपद्धतीसाठी सत्याग्रह केला होता. तत्कालीन ठाकोरांनी सरदार पटेलांशी सुधारणांचा करार केला आणि काही आठवड्यांतच तो मोडला. त्यासाठी १९३९ च्या मार्चमध्ये गांधीजींना उपोषणाला बसावे लागले. दिलेला शब्द फिरविणे आणि खेळ मनाविरुद्ध जाऊ लागताच पट आवरणे, या दोन्ही सवयी एकाच घरातल्या आहेत असे कोणी म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे होणार नाही.

परंतु यातील खरा चमत्कारिक भाग निराळाच आहे. १९४८ च्या डिसेंबरात राजकोट संस्थान अस्तित्वातच नव्हते. फेब्रुवारीतच काठेवाडातील संस्थाने एकत्र होऊन त्यांचे संयुक्त राज्य झाले होते, तेच पुढे सौराष्ट्र म्हणून ओळखले गेले. ठाकोरसाहेबांच्या हाती ना तिजोरी उरली होती ना फौजदारी. ज्या प्रजेवर त्यांच्या घराण्याने राज्य केले तिला मताचा अधिकार मिळण्याच्या मार्गावर होता, आणि १९५१ च्या सौराष्ट्र जमीन सुधारणा कायद्याने गिरासदारीही जाणार होती. म्हणजे प्रशासनातून, महसुलातून, कायद्यातून राजेशाही निघून गेली होती वा निघण्याच्या बेतात होती. क्रिकेटच्या मैदानावर ती दहा महिन्यांनंतरही शाबूत होती. तेथे ठाकोरसाहेब म्हणाले ‘चला’ आणि अकरा खेळाडू निघाले. त्या अकरांत उत्तम खेळाडू असतील, ब्रॅडमनचा विक्रम मोडला जाताना पाहण्याची इच्छा असलेलेही असतील. त्यांचे मत कोणी विचारल्याची नोंद नाही. विलीनीकरणाचा करारनामा राज्य घेऊ शकतो. खेळाडूच्या मनातील मालकाची धाक घेऊ शकत नाही.

सगळेच संस्थानिक असे होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्याच काठेवाडातील पोरबंदरचे महाराणा १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार होते, आणि स्वतःच्या खेळाची पातळी ओळखून त्यांनी कसोटीच्या वेळी कर्णधारपद सी. के. नायडूंकडे सोपविले. हा मोठेपणा होता. चारच वर्षांनी विजयनगरमच्या महाराजकुमारांनी याच्या नेमके उलटे करून दाखविले; त्या दौऱ्यातून लाला अमरनाथ यांना अर्ध्यातून घरी पाठविले गेले. तेव्हा प्रश्न एखाद्या राजाच्या स्वभावाचा नव्हता. राजा चांगला निघाला तर खेळाडूचे भले, वाईट निघाला तर वाईट, आणि दोन्ही वेळी खेळाडूच्या हातात काही नाही, ही त्या व्यवस्थेची रचना होती.

निंबाळकरांची सारी कारकीर्द या रचनेतून गेली. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ चा, कोल्हापूरचा. म्हणजे पुण्याच्या त्या सामन्याच्या चारच दिवस आधी त्यांना एकोणतीस वर्षे पूर्ण झाली होती. ज्या गावात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे केले, त्या गावच्या मुलाला राजाश्रय म्हणजे काही परकी वस्तू वाटण्याचे कारण नव्हते. आणि हेही मान्य केले पाहिजे की शाहूंच्या हाती त्या आश्रयाने अनेक वंचित जातींतील मुलांना आखाड्यात आणि शाळेत आणले. निंबाळकर मात्र ज्या पिढीत खेळायला लागले तेव्हा तो आश्रय क्रिकेटकडे वळला होता. त्यांचे थोरले बंधू रावसाहेब बडोद्याचे यष्टिरक्षक होते. भाऊसाहेबांचेही प्रथम श्रेणीतील पदार्पण १९३९-४० च्या हंगामात बडोद्याकडूनच झाले. पुढे ते होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे अशा संघांतून खेळत साठीच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत मैदानावर राहिले. फलंदाजी तर होतीच; गरज पडेल तेव्हा मध्यमगती गोलंदाजी आणि यष्टिरक्षणही करीत.

ही नावे नुसती वाचली तरी एक आर्थिक नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्याला चरितार्थासाठी खेळ हवा आहे तो मुलगा एका गावात राहून खेळूच शकत नव्हता. जेथे दरबार खेळाडू ठेवी तेथे त्याने जावे, दरबारची मर्जी किंवा दरबारच संपला की पुढचे गाव पाहावे. होळकरांचे इंदूर हे त्या काळी असे मोठे ठाणे होते. सी. के. नायडू तेथे सैन्यातील हुद्द्यावर होते. मुश्ताक अली, चंदू सरवटे, जगदाळे, हिरालाल गायकवाड, भांडारकर, निंबाळकर अशी नामावळी एका संस्थानच्या संघात गोळा झाली होती. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीतला इंग्रज सैनिक डेनिस कॉम्प्टनही होळकरांकडून मुंबईविरुद्ध खेळला आणि नाबाद २४९ धावा काढून गेला. पुढच्याच हंगामात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध आठ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला, आणि त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके काढली. त्यांत सर्वांत मोठे शतक १७२ धावांचे, निंबाळकरांचे होते.

याच्या शेजारी महाराष्ट्राचा संघ ठेवून पाहावा. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकणाऱ्या त्या संघाचे नेतृत्व संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर करीत होते. महाविद्यालये, जिमखाने, मध्यमवर्गीय नोकऱ्या यांतून तो संघ उभा राहिला होता. तेथे राजाची मर्जी नव्हती, पण खेळाडूला देण्यासारखे फारसे काही नव्हतेही. स्वाभिमान हवा तर पैसा नाही आणि पैसा हवा तर हुजरेगिरी करावी, या दोहोंमध्ये त्या काळचा व्यावसायिक वृत्तीचा खेळाडू सापडला होता. त्याला व्यावसायिक म्हणण्यासही समाज तयार नव्हता. ‘खेळासाठी खेळणे’ या उदात्त वचनाचा उच्चार साधारणपणे तेच करीत ज्यांची चूल दुसऱ्या कशावर तरी पेटत असे.

निंबाळकरांच्या कारकिर्दीचा एकूण हिशेब असा: ८० सामने, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, शतके १२. सरासरी कोणत्याही काळात आदराची ठरावी अशी आहे. विचार करायला लावतो तो पहिला आकडा. पंचवीसेक वर्षांत ऐंशी सामने, म्हणजे वर्षाला सरासरी जेमतेम तीन. १९५६-५७ पर्यंत रणजी स्पर्धा बाद पद्धतीने खेळवली जात असे. हरलात की त्या वर्षापुरते घरी. कसबी गवंड्याने वर्षभर सराव करावा, हात तयार ठेवावा, आणि त्याला वर्षातून दहा-बारा दिवसच काम मिळावे, अशी ही अवस्था. नियोजनाच्या परिभाषेत हिला अर्धबेकारी म्हणतात. खूप पुढच्या काळात मुंबईचा अमोल मुजुमदार हाही असाच भारताच्या टोपीवाचून राहिला. परंतु त्याला वीस वर्षांत १७१ सामने मिळाले, त्यांत त्याने ११,१६७ धावा आणि ३० शतके केली. (२०२५ च्या नोव्हेंबरात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून तो त्यांच्याबरोबर होता, हे एक समाधान.) निंबाळकरांना एवढे काम मिळते तर त्यांच्या धावांची बेरीज कोठे गेली असती, हे त्रैराशिक वाचकाने स्वतः मांडावे.

आता निवडीचा प्रश्न. येथे भावनेच्या आहारी जाण्याचा मोह टाळला पाहिजे. पुण्याचा सामना झाला तेव्हा वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. दुसरी कसोटी मुंबईत १३ डिसेंबरला संपली होती आणि तिसरी ३१ डिसेंबरला कलकत्त्यात सुरू व्हायची होती. म्हणजे निवड समितीसमोर हा आकडा अक्षरशः ताजा होता. कलकत्त्याच्या संघात निंबाळकर नव्हते. त्या मालिकेत पुढेही नव्हते. परंतु मुंबईत दुसऱ्या डावात रुसी मोदींनी ११२ आणि विजय हजारेंनी नाबाद १३४ धावा काढून सामना वाचविला होता. मधल्या फळीत जागा मोकळी होती असे म्हणता येत नाही. तेव्हा केवळ त्या एका मालिकेबद्दल निवड समितीवर आरोप करणे न्यायाचे नाही.

दुसराही आक्षेप आहे, आणि तो अधिक वजनाचा आहे. त्या दशकात भारतात धावांची जणू चलनवाढ झाली होती. होळकरांच्या ९१२ आणि महाराष्ट्राच्या ८२६ धावांचा उल्लेख वर आलाच आहे. १९४८-४९ च्याच हंगामात पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या उपान्त्य सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या, तो आजही जागतिक विक्रम आहे. निर्जीव खेळपट्ट्या, शक्ती आटलेली गोलंदाजी आणि भरपूर वेळ यांतून धावांचा पुरवठा वाढला की एकेका धावेची किंमत उतरते, हे मान्य करावे लागेल. काठेवाडची गोलंदाजी काही लिंडवॉल-मिलरची नव्हती.

मात्र चलनवाढ सर्वांना सारखीच लागू असते. त्याच खेळपट्ट्यांवर, त्याच गोलंदाजीसमोर इतरही शेकडो फलंदाज खेळले आणि त्यांतील कोणीही ४४३ पर्यंत गेला नाही. ज्यांची निवड झाली त्यांच्या धावाही त्याच नाण्यांत मोजलेल्या होत्या. शिवाय प्रश्न एका हंगामाचा नाही. १९५२ मध्ये लीड्सला भारताच्या दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद झाले. त्या सगळ्या दशकात भारताची फलंदाजी वरचेवर कोसळत राहिली. त्या वर्षांत कधीतरी, एखाद्या सामन्यात, हा माणूस पारखून पाहावा असे कोणाला वाटू नये? १९४९-५० मध्ये राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी त्यांना मिळाली, एवढेच. चारशे धावांची मजल मारूनही कसोटी न खेळलेला फलंदाज जगाच्या इतिहासात १९४८ पासून एकच होता. २०२२ मध्ये इंग्लंडच्या सॅम नॉर्थईस्टने नाबाद ४१० धावा काढल्या तेव्हा कोठे त्यांना जोडीदार मिळाला.

त्या काळच्या निवडीमागे कोणाची शिफारस, कोणाचा वशिला, याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांत शिरण्याचे कारण नाही, कारण मूळ दोष उघड आहे. निवडीचे निकष लिहिलेले नव्हते, कारणे सांगण्याचे बंधन नव्हते, आणि डावललेल्या खेळाडूला दाद मागायला जागा नव्हती. जो बडोद्यातून इंदूरला, इंदूरहून आणखी कोठे जातो, त्याच्या मागे उभा राहणारा प्रांत कोणता? मुंबईच्या खेळाडूमागे मुंबईची वृत्तपत्रे होती, संस्थानिकांच्या लाडक्यामागे संस्थानिक होते. पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या कसबी माणसाचे कोणीच नसते. ऊसतोडणीच्या टोळीपासून रणजीच्या संघापर्यंत हे खरे आहे.

संस्थाने गेल्यानंतर काय झाले, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले, १ मेला बडोदा. होळकरांचा संघही पाचसहा वर्षांत इतिहासजमा झाला. ज्या पदरी खेळाडू होते ते पदरच फाटले. त्यांची जागा घेतली ती सार्वजनिक क्षेत्राने. रेल्वेचा आणि सेनादलांचा स्वतंत्र संघ रणजीत उतरला. निंबाळकर चाळिशीच्या उंबरठ्यावर रेल्वेकडून खेळले, ते याच स्थित्यंतराचे चिन्ह. पुढे स्टेट बँकेने आणि इतर सरकारी उपक्रमांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या; मुंबईत खाजगी कंपन्यांनीही टाइम्स शील्डच्या चुरशीपोटी दिल्या. रणजीत ६३७ बळी घेऊनही कसोटीवाचून राहिलेले हरियाणाचे राजिंदर गोयल बँकेचे नोकर होते. या नोकरीत कोणी श्रीमंत झाले नाही. पण तिला वेतनश्रेणी होती, भविष्य निर्वाह निधी होता, निवृत्तिवेतन होते, आणि शून्यावर बाद झाले म्हणून ती जात नव्हती. ज्या सार्वजनिक क्षेत्राला अकार्यक्षम म्हणून झोडपण्याची फॅशन गेली तीन दशके चालू आहे, त्याने देशांतर्गत क्रिकेटला मर्जीबाहेरचे पहिले उत्पन्न दिले, ही नोंद त्याच्या जमेच्या बाजूला कोणी फारशी केलेली नाही. खेळाडू साहेबाच्या दारात हुजऱ्या म्हणून न जाता कर्मचारी म्हणून गेला. हा फरक लहान नव्हे.

त्यानंतर बाजार आला. त्याला सरसकट शिव्या देऊन भागणार नाही, कारण आजच्या रणजी खेळाडूला मिळणारे मानधन निंबाळकरांच्या पिढीला स्वप्नातही दिसले नसते. नियामक मंडळाने २०२१ मध्ये ठरविलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या खेळाडूस सामन्याच्या दिवसाला ६० हजार रुपये, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्यास ५० हजार आणि त्याहून नवख्यास ४० हजार रुपये मिळू लागले. ही रक्कम हेवा वाटावी अशीच आहे. तरी ती कशाच्या शेजारी ठेवायची? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी इंडियन प्रीमियर लीगचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एका सामन्यामागे हा भाव सुमारे ११८ कोटी पडतो. रणजीच्या चार दिवसांच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे बावीसच्या बावीस खेळाडू वरच्या श्रेणीतले धरले तरी सगळ्यांचे मिळून मानधन ५२ लाख ८० हजार होते. एका संध्याकाळच्या विक्रीच्या सव्वादोनशेव्या भागाएवढे. उरलेल्या भागावर कोणाचा किती हक्क, हे ठरविताना त्या बावीस जणांना कोणी बैठकीला बोलावीत नाही.

बाजाराच्या या औदार्याची कसोटी साथीच्या काळात लागली. १९३४-३५ पासून महायुद्धातही अखंड चाललेली रणजी स्पर्धा २०२०-२१ च्या हंगामात प्रथमच झाली नाही. त्याच २०२० सालच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात लिलावातल्या संघांची स्पर्धा मात्र सर्व सरंजामासह संयुक्त अरब अमिरातीत नेऊन पार पाडली गेली. दोन्हीकडे रोग तोच होता. एका ठिकाणी खेळ बंद ठेवणे परवडणारे नव्हते, दुसऱ्या ठिकाणी परवडले. ज्यांचा हंगाम बुडाला त्यांना मागील हंगामाच्या मानधनाच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून देण्याचे मंडळाने पुढल्या वर्षी जाहीर केले. ती दिली हे चांगले केले. परंतु ती देणगीसारखी जाहीर झाली. वाटाघाटीतून ठरलेला तो करार नव्हता, आणि मंडळाच्या मनात न येती तर ती कोणत्या कलमाखाली मागायची, हे एकाही खेळाडूला सांगता आले नसते. ठाकोरसाहेबांच्या जागी समिती आली, समितीच्या जागी कार्यकारिणी आली. मर्जीचे हक्कात रूपांतर करण्याचे काम राहूनच गेले.

नियामक मंडळाने २००२ मध्ये निंबाळकरांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ते तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. नायडूंच्याच होळकर संघात त्यांनी उमेदीची वर्षे घालविली होती, म्हणून पुरस्काराचे नाव तरी उचित म्हटले पाहिजे. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस असताना, त्यांचे निधन झाले. मृत्युलेखांत सर्वत्र नऊ धावांचाच उल्लेख होता. बडोदा, इंदूर, राजस्थान, रेल्वे ही वाटचाल आणि वर्षाला तीन सामन्यांचा तो दुष्काळ यांना फारशी जागा मिळाली नाही. हुकलेल्या विक्रमाची हळहळ सोपी असते, तिच्यासाठी कोणाला काही द्यावे लागत नाही.

ज्या वर्षी हा पुरस्कार दिला गेला त्याच वर्षी खेळाडूंची संघटना बांधण्याचाही एक प्रयत्न झाला होता. पुढाकार घेणाऱ्यांत मन्सूर अली खान पतौडी होते. एका माजी नबाबाने खेळाडूंच्या संघटनेची उठाठेव करावी हा इतिहासाचा विनोद, पण पतौडींच्या बाजूने सांगण्यासारखा. मंडळाने तिला जवळ केले नाही आणि ती विरून गेली. न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या लोढा समितीच्या सुधारणांनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली. माजी खेळाडूंच्या अडचणीत ती उपयोगी पडते. पण तिचे सभासद होण्यासाठी खेळाडू निवृत्त झालेला असावा लागतो. जो खेळतो आहे, ज्याचे मानधन, हंगाम आणि निवड अजून ठरायची आहे, त्याला तिच्यात स्थान नाही. पुण्याच्या मैदानावर ४४३ धावांवर उभे असलेले एकोणतीस वर्षांचे निंबाळकर तिचे सभासद होऊ शकले नसते.